समोरच्या दाराचा डबा

मित्रांनो, माझे झाकण नुसते ओढून निघत नाही. तळहाताने दाबून ते थोडे डावीकडे फिरवावे लागते, मग 'टप्प' असा आवाज करून सुटते. घाईघाईने ओढणाऱ्यांच्या नखांना मी आजवर दाद दिलेली नाही. मी एक जुना कडीचा डबा आहे. ॲल्युमिनियमचा, अंगाने बुटका, पोटाने मोठा. अंगावर सात पोचे आहेत आणि कडी एका बाजूला जरा झुकलेली आहे. मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, पण ती माझी एकट्याची नाही. एका दारापासून समोरच्या दारापर्यंत चार पावलांचे अंतर होते. त्या अंतराची ती गोष्ट आहे.

माझा जन्म शहराच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या एका कारखान्यात झाला. आधी मी नुसती एक गोल चकती होतो. कारागिराने मला फिरत्या साच्यावर चढवले आणि लांब दांड्याने दाबत दाबत आकार दिला. दांडा अंगाला टेकला की मी जोरात किंचाळे. कारागीर कानात कापसाचे बोळे घालून बसायचा. माझे झाकण मात्र दुसऱ्या पाळीच्या माणसाने केले. दोघांच्या मापात केसभर फरक पडला आणि झाकण भलतेच घट्ट बसले. दुकानदाराने तो दोष ओळखून मला मागच्या रांगेत ढकलले. एके दिवशी एक ठेंगणी, नीटनेटकी बाई दुकानात आली. तिने पुढच्या रांगेतले पाच डबे उघडून पाहिले, नापसंत केले आणि मागे हात घालून मला बाहेर काढले.

"अहो, तो घट्ट आहे," दुकानदार म्हणाला.

"तोच द्या. सैल झाकणाचा डबा आणि सैल जिभेचा माणूस, दोन्ही घरात नकोत."

त्या घड्याळकाकू. त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत, म्हणून सगळी गल्ली त्यांना घड्याळकाकू म्हणे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीभर लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळे टांगलेली असत. प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवी. त्यामुळे गंमत अशी, की घड्याळजींच्या घरात खरी वेळ कुणालाच ठाऊक नसे. कोपऱ्यावर वळणाऱ्या बसचा धक्का बसून फळीवरची भांडी थरथरली, की काकू म्हणत, "साडेआठ झाले."

काकूंचा एक नेम होता, मित्रांनो. रोज आपल्या ताटात वाढून घेण्याआधी एक घास तरी उंबऱ्याबाहेर गेला पाहिजे. तो जाईपर्यंत त्या स्वतः चवसुद्धा बघत नसत. मीठ अंदाजाने, तिखट अंदाजाने आणि बाकी देवावर हवाला. "ज्याचं त्याला पोचलं की मग आपलं," असे त्या म्हणत. हा नेम त्यांनी कुणाला दाखवायला धरलेला नव्हता. घड्याळजीसुद्धा लग्नानंतर सहा वर्षांनी विचारते झाले, की रोज जेवायला बसताना तू जिन्यात कशाला जातेस? त्या घासासाठीच मला घरात आणले होते. सुरुवातीला मी जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याकडे जात असे. मग समोरच्या रिकाम्या खोल्यांत बिऱ्हाड आले.

ते बिऱ्हाड तरुण होते. नवरा बसवर ड्रायव्हर होता आणि बायको एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तिला सगळे टेलिफोनताई म्हणू लागले. कानाला यंत्र लावून ती दिवसाला चारशे-चारशे माणसे एकमेकांशी जोडून देई. घरी आली की मात्र तिला कुणाशी बोलायला जीव उरत नसे. काकूंनी पहिल्याच दिवशी मला भरून समोरच्या दारात नेले.

"घे गं. सामान लावताना चूल कुठून पेटणार?"

"काकू, कशाला त्रास घेतलात? उद्या डबा आणून देते."

"आण सावकाश. फक्त एक सांगते हो. या जिन्यात डबा रिकामा परत जात नाही. काहीही घाल, पण घाल."

ताई हसली. दुसऱ्या दिवशी तिने मला दोन लिंबे घालून परत पाठवले. तिथून आमची ये-जा सुरू झाली.

काय काय वाहिले मी त्या वर्षांत! जाताना गरम भाजी, येताना मूठभर शेंगदाणे. जाताना उकडलेली कणसे, येताना पांढऱ्या दोऱ्याचे रीळ. एकदा ताईच्या घरात काहीच नव्हते, तर ड्रायव्हरदादांनी बसच्या सीटखाली सापडलेला बेवारस चष्मा घालून दिला. काकूंनी तो घड्याळजींच्या नाकावर चढवून पाहिला आणि दोन्ही घरे हसून बेजार झाली. ताईला मुलगी झाली, तिला सगळे चिमणी म्हणू लागले. ती चालायला लागली ती माझी कडी धरूनच. एका दारातून निघायची आणि दुसऱ्या दाराशी धपकन बसायची. माझे सातपैकी चार पोचे तिने दिलेले आहेत. ते मी दागिन्यासारखे मिरवतो.

शहरात राहण्याची रीत ही अशी असते. खिडकी उघडली की समोरच्याची वाळत घातलेली चादर तोंडावर येते. वरच्या मजल्यावरचा माणूस किती वाजता चप्पल काढतो ते खालच्याला कळते. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच अरुंद हवेच्या बोळात उघडत होत्या. हात लांब केला तर समोरच्या खिडकीला लागेल न लागेल, एवढेच अंतर. फोडणी इकडे पडली की शिंक तिकडे येई. एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसांना एकमेकांच्या मनातले आपोआप कळत असेल, असे मला वाटे. माझी ती समजूत चुकीची होती.

चिमणी नऊ वर्षांची असताना घड्याळजी वारले. सकाळी खुर्चीत बसले, डोळ्याला भिंग लावले आणि तसेच मान टाकून गेले. मग एकेक करून लोक येऊन आपापली घड्याळे घेऊन गेले. भिंतीवर नुसते खिळे राहिले. त्या घरात इतकी शांतता झाली, की नळाचा थेंब पडला तरी काकू दचकत.

दीड महिना काकूंची चूल नीट पेटली नाही. त्या दीड महिन्यात ताईने काय केले ते सांगितले नाही तर माझ्या हातून पाप होईल. ड्युटी पहाटेची असो की दुपारची, ती आपल्या ताटलीत रोज दोन वेळचे जेवण काकूंना नेऊन देत होती. समोर बसून खायला लावत होती. ती सुगरण नव्हती. कधी भात गिच्च होई, कधी भाजी खारट. काकू मुकाट्याने खात.

मग एका सकाळी काकू उठल्या. त्यांनी मला घासून लख्ख केले. दुधात तांदूळ शिजवून गोड भात केला. मला काठोकाठ भरले आणि झाकण दाबताना पुटपुटल्या, "आजपासून नेम पुन्हा सुरू." पातेल्यात त्यांनी स्वतःसाठी एक घासही ठेवला नाही. यजमान गेल्यापासून वर्षभर गोड खायचे नाही, असे त्यांनी मनाशी धरले होते. म्हणजे त्या भाताची चव त्यांनी आधीही पाहिली नाही आणि नंतरही नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा, मित्रांनो. सगळे दुःख इथून सुरू झाले.

ताई तेव्हा ड्युटीला निघालेली होती. जिन्याच्या तोंडाशीच काकूंनी मला तिच्या हातात दिले.

"काकू! अहो, आत्ताशी कुठे तुम्ही…"

"जा, बस चुकेल. चिमणीला दे."

चिमणीने आणि तिच्या बाबांनी मला दुपारपर्यंत रिकामा केला. ताई परतली तेव्हा माझ्या तळाशी दोन चमचे भात उरला होता. तो तिने उभ्याउभ्याच खाल्ला आणि तिचे डोळे भरून आले. "किती दिवसांनी हातची चव परत आली बाई काकूंच्या," ती स्वतःशीच म्हणाली. खरे तर तेवढे वाक्य चार पावले चालून बोलून यायचे होते. पण तिने विचार केला, डबा परत द्यायला जाईन तेव्हाच सांगेन. आणि डबा परत द्यायचा तर तो लिंबे घालून कसा द्यायचा? दुःखातून उठून पहिल्यांदा केलेला पदार्थ होता तो. त्याच्या तोडीचे काहीतरी, आपल्या हाताने केलेले, आपणही घालायला हवे. येत्या रविवारी करू.

त्या रविवारी नळाला पाणी आले नाही. पुढच्या रविवारी ऑपरेटरांपैकी एकजण रजेवर गेली आणि ताईला दुहेरी ड्युटी लागली. तिसऱ्या रविवारी तिने खरेच घाट घातला. चांगले दूध आणले, तांदूळ निवडले, मला बाजूला पुसून ठेवले. पण दूध खाली लागले आणि भाताला धुराचा वास आला. ड्रायव्हरदादा म्हणाले, "दे की, चांगला तर झालाय." ताई म्हणाली, "तुम्ही काय, बसच्या टायरचा वास येणारं जेवणसुद्धा चांगलं म्हणाल." तो भात घरातच संपला. मी कोरडाच राहिलो.

चिमणी मागे लागायची. "आई, मी जाऊ का काकूआजींकडे?"

"थांब जरा. आधी डबा भरू दे, मग दोघी जाऊ. इतक्या दिवसांनी रिकाम्या हाताने जातात होय?"

महिना झाला. आता तर नुसता गोड भात देऊन भागणार नव्हते. उशिराची भरपाई होईल असे काहीतरी हवे होते. दोन महिन्यांनी त्याहून मोठे काहीतरी हवे झाले. लाज ही अशी वाढते, मित्रांनो. काही न करता वाढते. जिन्यात काकू दिसल्या की ताई पर्समध्ये किल्ली शोधू लागे.

"बरं आहे ना काकू?"

"बरं आहे गं."

एवढेच बोलणे होई. दार बंद होताना मुद्दाम हळू बंद होई, आवाज न करता. त्या हळू बंद होणाऱ्या दाराइतके वाईट काही मी ऐकलेले नाही.

चौथ्या महिन्यात ड्रायव्हरदादांना कपड्यांचे चिमटे ठेवायला काहीतरी हवे होते. त्यांना मी दिसलो. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हते. त्यांनी मला चिमट्यांनी भरले आणि बोळाच्या खिडकीबाहेर खिळ्याला कडीने अडकवून टाकले. ताई त्या दिवशी ड्युटीवर होती. संध्याकाळी तिने पाहिले, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "रविवारी काढून घासते." पण तो रविवारही तसाच गेला. ज्या पोटात वाफाळते अन्न राहिले त्या पोटात मी लाकडी चिमटे घेऊन उन्हातान्हात लोंबकळू लागलो. वारा आला की खिडकीच्या गजावर आपटे. ठण, ठण.

समोरच्या खिडकीतून काकूंनी मला पाहिले.

 हातातले फडके तसेच धरून बराच वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी आपल्या फळीवरच्या दोन बरण्या खाली घेतल्या. एक साखरेची, एक मिठाची. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. त्यांनी त्या उजेडात धरल्या आणि मिठाच्या बरणीत बोटाने खोली मोजली.

काकूंची लेक दुसऱ्या शहरात राहते. दर मंगळवारी दुपारी तिचा फोन येई. ताई त्या वेळी दवाखान्यात चारशे माणसे जोडून देत असे, आणि बोळात ऐकायला मी एकटाच असे.

"अगं, मला आता खात्रीच झाली," काकू फोनवर सांगत होत्या. "त्या दिवशी माझ्या डोळ्यांना धड दिसत होतं कुठे? साखरेच्या जागी मीठच घातलं मी. बरणी केवढी खाली गेलीय! आणि ती पोर किती चांगली, एका शब्दाने बोलली नाही. नुसता डबा परत पाठवला नाही. माझ्याकडून पुन्हा काही येऊ नये म्हणून गं, दुसरं काय? आता चिमट्यांना लावलाय."

पलीकडून लेक काहीतरी म्हणाली.

"विचारू कशी? 'माझा भात खारट होता का गं' असं विचारू? ती बिचारी नाहीच म्हणेल. आणि मला ते खोटं आहे हे कळेल."

मी तिथे लटकलेलो होतो, मित्रांनो. त्या भाताचा शेवटचा कणसुद्धा माझ्याच पोटातून गेला होता. तो गोड होता. त्या साऱ्या इमारतीत छातीवर हात ठेवून सांगू शकेल असा साक्षीदार मीच होतो, आणि मला तोंड होते पण शब्द नव्हता. मी वाऱ्याबरोबर गजावर आपटलो, जितका जोरात आपटता आले तितका. काकूंनी खिडकी लावून घेतली.

त्यानंतर काकूंनी कुणासाठी काही केले नाही. आपल्या हाताला आता चव राहिली नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. नेम मोडू नये म्हणून त्या मूठभर भात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत. एकदा फोनवर म्हणाल्या, "चिमण्या-कबुतरांचं बरं असतं, ती तक्रार करत नाहीत." मग स्वतःपुरतेही करणे कमी झाले. सकाळचा पाव संध्याकाळी. लेक दर मंगळवारी विचारी, "आई, इकडे ये ना राहायला." काकू तीनदा नाही म्हणाल्या. "इथे माझा जिना आहे, माझी माणसं आहेत," असे म्हणाल्या. चौथ्या खेपेला मात्र म्हणाल्या, "येते."

ताईला हे कसे कळले? इस्त्रीवाल्याने सांगितले. जिन्याखाली बसून तो सगळ्या घरांची कुंडली कपड्यांवरून मांडतो. कुणाकडे पाहुणे आले, कुणाला नोकरी लागली, कोण रुसून निजायला बाहेरच्या खोलीत गेले, सगळे त्याला चादरींवरून कळते. ताई सकाळी ड्युटीचे कपडे घ्यायला गेली तेव्हा त्याच्या टेबलावर काकूंच्या चादरींचा गठ्ठा होता.

"एवढ्या चादरी एकदम?" ताईने विचारले.

"सहा आहेत. घडी करून सुतळीने बांधून द्या म्हणाल्या. आता अंथरायच्या चादरी कुणी बांधून नेतं का ताई? जाणार आहेत त्या. उद्या जावई गाडी घेऊन येतोय."

"कुठे जाणार आहेत?"

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. "समोरासमोर दारं तुमची, आणि विचारता मला?"

ताईने ड्युटीचे कपडे तिथेच टाकले. मग तशीच वळून जिना चढली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा दवाखान्यात खोटे कळवले, की बरे नाही. खिडकीतून मला ओढून घेतले, चिमटे जमिनीवर ओतले आणि मला घासू लागली. मी किती घासला गेलो म्हणून सांगू! घरात फक्त बटाटे होते. तिने बटाट्याची भाजी टाकली. घाईत आच मोठी झाली.

"आई, करपतंय," चिमणी म्हणाली.

"करपू दे."

आठ महिने जिच्यासाठी मोठ्यातले मोठे पक्वान्न शोधले जात होते, तिच्यासाठी शेवटी माझ्यात खाली लागलेले बटाटे भरले गेले. ताईने मला फडक्यात दोन्ही हातांनी धरले आणि ती चार पावले चालून गेली. दाराशी जाऊन उभी राहिली, पण दार काही वाजेना. दोन्ही हात माझ्यात अडकलेले. शेवटी चिमणीने पुढे होऊन दार वाजवले.

काकूंनी दार उघडले. आत गाठोडी होती, बांधलेली भांडी होती आणि भिंतीवर खिळे होते. काकूंनी चिमणीकडे पाहिले, मग ताईकडे, मग माझ्याकडे.

"चिमटे कुठे ठेवलेस गं?" त्यांनी हळूच विचारले.

ताईचे तोंड उतरले. "काकू, ते यांनी… मी काढणार होते… काकू, तुम्ही जाताय?"

"जाते. बस. बसायला खुर्ची नाही, त्या ट्रंकेवर बस." काकूंनी मला तिच्या हातातून घेतले. "आणि एक सांगू? मला राग नाही हो. तेव्हा मीठ पडलं होतं, मला माहीत आहे. तुम्ही तरी काय बोलणार?"

"कशात मीठ?"

"त्या भातात."

"कुठल्या भातात?"

चिमणी मध्येच ओरडली, "तो गोड भात? काकूआजी, मी झाकणपण चाटलं होतं! आईने मला मारलं!"

"मारलं नाही, ओरडले फक्त," ताई म्हणाली. मग एकदम थांबली. "काकू… तुम्हाला वाटलं खारट होता?"

काकू खाली गाठोड्यावरच बसल्या. "मग डबा का नाही गं आला?"

"काहीतरी चांगलं घालून द्यायचं होतं."

"आठ महिने?"

"आधी चांगलं घालायचं होतं. मग उशीर झाला म्हणून फार चांगलं घालायचं होतं. मग…" ताईने चिमणीला जवळ ओढले. "मग तोंड दाखवायला होईना, काकू."

काकू एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, तो बराच वेळ काढला नाही. "देवा रे! आणि मी इकडे बरण्या मोजत बसले! अगं, दोन शहाण्या बायका आपण, आणि चार पावलांत हरवलो? बरं, शेवटी आणलंस तरी काय?"

"बटाटे. जरा खाली लागलेत."

"लागू दे." काकूंनी तळहाताने दाबून, डावीकडे फिरवून मला उघडले. बोटांनीच एक फोड तोंडात टाकली. "मीठ बरोबर आहे हो," त्या म्हणाल्या.

ताईने त्यांचे हात धरले. "जाऊ नका ना. सांगा जावयांना नाही म्हणून."

"जागा सोडते म्हणून मालकांना कळवून टाकलं गं. पहिल्या तारखेला नवीन माणसं येतात. आणि लेकीने माझ्या खोलीला रंग लावलाय. तीनदा नाही म्हटलं मी तिला. चौथ्यांदा हो म्हटल्यावर कोणत्या तोंडाने फिरू?"

दुसऱ्या दिवशी गाडी आली. उरलेल्या बटाट्यांसकट मी काकूंच्या मांडीवर बसून निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत चिमणी गाडीच्या मागे पळत आली. काकू वळून बघत राहिल्या. कोपऱ्यावर बस वळली आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघाले, "साडेआठ झाले."

लेकीचे घर मोठे आहे. लिफ्ट आहे, लांबलचक बोळ आहे आणि बोळात दहा बंद दारे आहेत. तिथे माझा उपयोग नव्हता. काकू स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या तर लेक मायेने म्हणायची, "आई, तू बस ना आता." माझ्यात भरायला काही त्यांच्या हातचे होईना. काकू मला मांडीवर घेऊन पुसत बसायच्या. ताईकडे परत पाठवायचा, पण काय घालून? एक आठवडा गेला, दोन गेले. मला धस्स झाले. हे मी आधी पाहिलेले होते.

तिसऱ्या आठवड्यात जावई काही कागदांसाठी जुन्या घराच्या मालकांकडे जायला निघाले. काकूंनी मला त्यांच्या पिशवीत ठेवले.

ताईने मला हातात घेतले. आधी हलवून पाहिले, मग उघडले. आत काही नव्हते. तिने झाकणाच्या आत पाहिले, तळाला चिठ्ठी आहे का ते बोटाने चाचपले. काही नाही. तिने लगेच फोन लावला.

"काकू, डबा पोचला. पण आत काहीच…"

"हो गं. रिकामाच पाठवलाय. आयुष्यात पहिल्यांदा." काकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "भरायची वाट बघत बसले असते तर पुन्हा आठ महिने गेले असते. एवढे महिने आता माझ्याकडे शिल्लक आहेत की नाहीत, देव जाणे. तू बोल. चिमणी काय करतेय?"

ताई बोलू लागली. दिवसभर दुसऱ्यांना जोडून देणारी ती बाई त्या दिवशी तासभर स्वतः बोलत होती. मी तिच्या मांडीवर होतो, रिकामा आणि स्वच्छ.

मित्रांनो, त्या घरी काकूंना करमत नाही. त्या तसे म्हणत नाहीत, पण फोन ठेवताना दरवेळी विचारतात, "जिन्यातला दिवा लावता ना संध्याकाळी?" वेळीच कुणी समोरचे दार वाजवले असते, तर काकूंवर जायची वेळ आली नसती. ते आठ महिने परत येणार नाहीत, आणि इकडून तिकडे जायला आता दोन गाड्या बदलाव्या लागतात. समोरच्या दारात नवीन माणसे येऊन तीन महिने झाले. त्यांच्याकडे एक तान्हे बाळ आहे, पहाटे रडते, एवढेच ताईला माहीत आहे. मी पुढच्या फळीवर आहे. ताईने दोनदा माझ्याकडे हात नेऊन परत मागे घेतला. "काहीतरी चांगलं करू दे, मग जाईन," असे तिने काल म्हटलेले मी ऐकले आणि माझ्या सातही पोच्यांत कळ आली.

आमच्यासारख्या भांड्यांना घासा-पुसा असे मी तुम्हाला सांगणार नाही. पोचे पडले तरी आम्ही टिकतो. पण तुमच्या घरात कुणाचा डबा येऊन पडला असेल, कुणाला सांगायचे एखादे गोड वाक्य राहून गेले असेल, तर चांगल्या पदार्थाची, मोकळ्या रविवाराची वाट बघू नका. आज जा, आत्ता जा, काहीही न घेता जा. भरलेल्या हातांनी ताईला दार वाजवता आले नव्हते, ते मी पाहिले आहे. दार वाजवायला हात मोकळाच लागतो.